वीतभर काच

आधी टोप्या आल्या. हिरव्या, समोर वाघाचं तोंड छापलेल्या, पाचशे टोप्या. मग कमानीचा नकाशा आला, मग तिकीटखिडकी आली, मग लाकडी चौकटी आल्या, ज्यांच्या भोकातून तोंड बाहेर काढलं की माणूस जिराफ दिसतो. आपल्या प्राणिसंग्रहालयात प्राणी कोणते असणार हा प्रश्न धाकट्याला पडायला आठ महिने लागले, आणि तोही त्याचा त्याला पडला नाही. ताईने विचारला म्हणून पडला.

"प्राणी ना," तो टोपी डोक्यावर चढवून आरशात बघत म्हणाला, "ते येतील गं. आधी वातावरण तर तयार होऊ दे."

धाकटा म्हणजे ताईच्या पाठचा भाऊ. बावन्न वर्षांचा झाला, पुढचे केस गेले, तरी घरात तो धाकटाच राहिला होता. धंदा काचेचा आणि कपाटांचा. सरकती दारं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. 'आमची काच दिसत नाही' असं त्याच्या शोरूमवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. महिन्यातून एखादं गिऱ्हाईक त्या काचेवर येऊन आपटायचं, आणि त्याच्या कपाळाला बर्फ लावताना धाकटा मनातून इतका खूश असायचा की ते चेहऱ्यावर दिसायचं. शोरूममध्ये एक माणूस फक्त काच पुसायला ठेवलेला होता. सगळे त्याला पुसण्याच म्हणायचे.

ताईची गोष्ट वेगळी. तिने मोठ्या सरकारी प्राणिसंग्रहालयात एकतीस वर्षं मांसाहारी प्राण्यांचे पिंजरे सांभाळले. हाडं फोडली, नाल्या धुतल्या, अस्वलाच्या खरजेला औषध लावलं. या एकतीस वर्षांत धाकट्याच्या घरातून तिच्या कामाची कुणी चौकशी केली असेल तर ती एवढीच, की अंघोळ करून आलीस ना? भावजय तर तिला बसायला सांगण्याआधी सोफ्यावर जुनी चादर टाकायची. आणि टाकताना म्हणायची, "तुम्हाला ऐसपैस बसता यावं म्हणून हं, ताई."

आता अचानक चादर नाहीशी झाली. ताईला डायनिंग टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवण्यात आलं, आणि भावजयीने स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली. इतका मान मिळाला की ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली.

कारण तसं साधं होतं. धाकटा वाघ, सिंह, जिराफ आणि पांढरा मोर अशी यादी घेऊन परवान्याच्या कार्यालयात गेला होता. तिथल्या बाईंनी यादी वाचली, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि यादी परत केली. नव्या माणसाला कासवं मिळतील, म्हणाल्या. बदकं मिळतील. साळिंदर मिळेल, फारतर एखादं घुबड. मांसाहारी जनावर हवं असेल तर एखादंच, म्हातारं, दुसरीकडून काढलेलं. आणि त्यासाठी दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाची अर्जावर सही लागेल. सही करणारा माणूस रोज हजर राहणार असेल तरच.

"म्हणजे तू, ताई," धाकटा म्हणाला. "आपलं घरचंच काम आहे. आणि वाघाच्या टोप्या छापून झाल्यात गं. आत नुसती बदकं ठेवली तर लोक मला चपलेने मारतील."

"मारू देत," ताई म्हणाली.

पण उठून गेली नाही. तिच्या पर्समध्ये एक कागद होता आणि त्या कागदामुळे ती उठू शकत नव्हती.

मोठ्या संग्रहालयात जुन्या पिंजऱ्यांची इमारत पाडायची ठरली होती. वाघांना नवी जागा मिळाली, अस्वलाला मिळाली, कोल्ह्यांची जोडी कुणी मागून नेली. राहिली म्हातारी. म्हातारी म्हणजे तरस, पट्ट्यांची मादी. दीड महिन्याची असताना आली, तेव्हाही तिच्या तोंडावर सगळं आयुष्य बघून झाल्याचा भाव होता, म्हणून ताईने तिचं नाव म्हातारी ठेवलं. आता एकोणीस वर्षांनी ते नाव खरं ठरलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, मागचा पाय आखडलेला. सात संग्रहालयांना पत्रं गेली आणि सातही ठिकाणांहून नकार आला. तरस दिसायला वाईट, त्यात आंधळं, त्यात म्हातारं. महिनाअखेरपर्यंत कुणी न्यायला आलं नाही तर तिला इंजेक्शन द्यायचं होतं. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, कागदावर 'विल्हेवाट' असा शब्द होता. ताई निवृत्त होऊन पाच महिने झाले होते, पण डॉक्टरांनी तिला मुद्दाम बोलावून तो कागद दिला. तिने तो तीनदा वाचला. भंगाराची लावतात ती विल्हेवाट.

"माझ्याकडे एक जनावर आहे," ती टेबलावर म्हणाली. "तरस."

"तरस म्हणजे ते हसणारं?" धाकट्याचे डोळे चमकले.

"हसणारं दुसऱ्या जातीचं. ठिपक्यांचं. ही पट्ट्यांची, ही हसत नाही."

"कुणाला कळतंय!" धाकटा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी 'हसरं तरस' असा सहा फुटी बोर्ड रंगवायला टाकून मोकळा झाला.

सही करण्यापूर्वी ताईने दोन अटी घातल्या. पहिली अट मागच्या खोलीची. तरसाला लपायला एक अंधारी खोली पाहिजे, आणि तिचं दार कायम उघडं पाहिजे. तिला वाटलं तर बाहेर येईल, नाहीतर दिवसभर आत पडून राहील.

"आत पडून राहिली तर लोक काय बघणार?"

"काही नाही बघणार."

"तिकीट काढून?"

"तिकीट काढून."

धाकटा खो-खो हसला. त्याला वाटलं ताईने विनोद केला.

दुसरी अट काचेची. ताईला जाळी हवी होती, पण जाळीचं नाव काढताच धाकट्याने असा चेहरा केला की जणू तिने त्याच्या दिवाणखान्यात गुरं बांधायला सांगितलं होतं. समोर काचच लागणार, तीही अखंड, पंधरा फुटी, मध्ये सांधा नसलेली. ठीक आहे, ताई म्हणाली, मग मी सांगते तसं करायचं. जनावराला काच कळत नाही. नवं जनावर काचेच्या पिंजऱ्यात आणलं की काच आतून खडूच्या पुडीने पांढरी करून टाकायची. चुन्याने नाही, चुना चाटला तर जीभ भाजते. खडूच्या पुडीने. म्हणजे त्याला समोर भिंत दिसते आणि ते थांबतं. मग रोज एक वीत काच पुसायची. आज वीतभर, उद्या आणखी वीतभर. दहा-पंधरा दिवसांत त्याला कळतं की दिसलं तरी इथून पुढे जाता येत नाही. ही रीत तिला तिच्या वरच्या पिंजरेवाल्याने शिकवली होती, आणि एकतीस वर्षांत तिच्या हाताखालचं एकही जनावर काचेवर आपटलं नव्हतं.

"पंधरा दिवस काच घाण?" धाकट्याला हा विनोद वाटला नाही. "उद्घाटनाला? अगं, माझं नाव आहे बाजारात."

"मग सही नाही."

"हो, हो, हो. तू म्हणशील तसं."

धाकट्याचं 'हो, हो, हो' ताईला लहानपणापासून माहीत होतं. एक 'हो' म्हणजे हो, दोन म्हणजे बघू आणि तीन म्हणजे आता गप्प बस. हे माहीत असूनही तिने सही केली, याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःचाच येत राहिला.

बांधकाम बघायला ती रोज जायची आणि रोज तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साळिंदराच्या पिंजऱ्यात गालिचा. घुबडाच्या मागे दिव्यांची माळ, का तर घुबड अंधारात दिसत नाही. बदकांच्या तळ्याला आरशाचा तळ, म्हणजे चार बदकांची आठ दिसतात. प्रत्येक ठिकाणी धाकटा तिच्याकडे असा बघायचा की आता ताई पाठ थोपटणार. आणि म्हातारीच्या मागच्या खोलीला दार म्हणून त्याने आपल्या कपाटांचं सरकतं शटर बसवलं होतं, आवाज न करता वर जाणारं, रिमोटवर चालणारं.

"साखळी बसव," ताई म्हणाली. "मागून हाताने ओढता येईल अशी. रोज दार कोण उघडणार?"

"साखळी दिसते किती वाईट! रिमोट आहे ना."

"कुठे आहे?"

"माझ्याकडे," असं म्हणून धाकट्याने खिसा थोपटला.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी म्हातारी आली. पेटीतून निघाली ती थेट मागच्या खोलीत, गवतात तोंड खुपसून बसली. शटर उघडंच होतं, तरी ती बाहेर फिरकली नाही. तीन दिवस खाल्लं नाही. ताई खोलीच्या झरोक्याखाली भिंतीला पाठ लावून पलीकडच्या बोळात बसून राहायची, तिला वास यावा म्हणून. आतून धापेचा आवाज यायचा. काच ताईने स्वतः पांढरी केली होती, वरपासून खालपर्यंत, दोन हात देऊन. धाकटा येऊन ती पांढरी काच बघायचा आणि पोटात दुखत असल्यासारखा परत जायचा.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहा वाजता बदकांच्या आरशाला तडा गेला आणि तळं गळायला लागलं. ताई बादल्या घेऊन तिकडे धावली. सकाळीच धाकट्याकडून पाडून घेतलेलं शटर खाली असल्याची जाताना तिने खात्री केली. आज गर्दी होती, म्हातारी आतच बरी. काच पांढरी होती. सगळं ठीक होतं.

साडेअकराला पाहुणी आली. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये सोशिक आईचं काम करणारी एक नटी होती. फीत कापली, टाळ्या झाल्या, स्पीकरवरून धाकट्याने भाषण केलं. ताईला तळ्यापाशी ते तुकड्या-तुकड्याने ऐकू येत होतं. निसर्ग. बालपणापासूनचं स्वप्न. मुक्या जिवांची सेवा. गुडघाभर पाण्यात बदकं पकडता पकडता ताई एवढंच म्हणाली, "तोडा, तारे तोडा."

मग आवाज आला. धप्प.

एकतीस वर्षांत तिने तो आवाज एकदाच ऐकला होता, शेजारच्या विभागात, आणि तो विसरता येण्यासारखा नव्हता. हातातलं बदक टाकून ती पळाली. साठीच्या गुडघ्यांनी पळवलं तेवढी.

काच नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. पुसण्याने बारा वर्षांची कला तिच्यावर ओतली होती. खडूचा कणही कुठे राहिला नव्हता. काचेच्या बाहेर नटी उभी होती, दोन बोटांत चिमटा आणि चिमट्यात कोंबडीची तंगडी. ती काचेसमोर नाचवून दाखवत होती, म्हणजे तरस समोर येईल आणि दोघींचा फोटो चांगला येईल. कल्पना कुणाची हे विचारायचीही गरज नव्हती. शोरूमवाल्याला माल काचेच्या बाहेर मांडायचं सुचत नाही, पण आज नेमकं तेवढं सुचलं होतं.

आत म्हातारी पाय फाकून उभी होती. नाकातून रक्त येत होतं. तीन दिवसांची उपाशी, एका डोळ्याने तिला समोर मांस दिसत होतं, आणि मध्ये काहीच दिसत नव्हतं.

"अहो, माझा फोटो हलला!" कुणीतरी ओरडलं. "परत एकदा, परत एकदा!"

नटीने तंगडी परत नाचवली. आणि म्हातारी परत आली. आखडलेला पाय ओढत, मान खाली घालून. ती कित्येक वर्षांत धावली नव्हती, ती धावली. धप्प. या वेळी ती पडली, आणि बाहेर हशा पिकला. बोर्डावर 'हसरं तरस' लिहिलं होतं, त्यामुळे लोकांना वाटलं असेल की हसायचंच असतं.

म्हातारी कशीबशी उठली आणि मागच्या खोलीकडे वळली. तिला बाहेर काढून धाकट्याने शटर परत खाली सोडलं होतं. ती त्या गुळगुळीत पांढऱ्या दारासमोर जाऊन उभी राहिली. एकदा पंजाने ओरबाडून बघितलं. मग लोकांकडे पाठ करून, दाराला नाक लावून बसली.

"शटर उघड," ताई म्हणाली.

"ताई, दोनच मिनिटं. त्यांचा फोटो —"

"उघड म्हणते ना!"

"अगं, आत गेली की संपलं सगळं! एवढी माणसं आलीत. बोलव ना तिला जरा, तुझं ऐकते ती." आणि हे म्हणताना धाकटा पाहुण्यांकडे बघून हसत होता, गिऱ्हाइकाला बर्फ लावताना हसायचा तसाच.

ताईने त्याच्याशी पुढे वाद घातला नाही. पुसण्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, त्याच्या पायाशी तिची खडूची बादली होती आणि ब्रश होता. "साहेबांनी सांगितलं," तो पुटपुटला. तिने बादली उचलली, बोळात गेली, आणि कमरेच्या किल्लीने पिंजऱ्याचं मागचं दार उघडून आत शिरली.

पिंजरेवाल्यांचा एकच नियम असतो, आणि ताईने तो नव्या पोरांच्या डोक्यात एकतीस वर्षं हातोड्याने ठोकला होता. मांसाहारी जनावर मोकळं असताना त्याच्याबरोबर आत जायचं नाही. लाडकं असलं तरी नाही, म्हातारं असलं तरी नाही. हाड फोडणारे दात शेवटी त्याचेच. उपाशी, दुखावलेलं, कोंडलेलं असेल तर देवाचं नाव घेऊनही नाही. ती भ्यायली होती, चांगलीच भ्यायली होती, आणि तरीही चालत होती.

तिने आधी कोंबडी झाकली. ब्रशचा एक पट्टा, आडवा. मग नटीचा हात, मग नटी. मग टोप्या, ओळीने, वाघांची तोंडं पुसत गेल्यासारखी. जाड काचेमुळे बाहेरचं काही आत ऐकू येत नव्हतं. लोक तोंडं हलवत होते आणि एकेक करून पांढऱ्याखाली जात होते. शेवटी धाकटा काचेला येऊन चिकटला. तो काहीतरी ओरडत होता. ताईने आधी त्याचं तोंड झाकलं. मग त्याच्या डोळ्यांपाशी ती क्षणभर थांबली. लहानपणी तो अंधाराला घाबरायचा आणि तिचं बोट धरून झोपायचा, तेव्हाचेच डोळे. तिने ब्रश परत बुडवला आणि तेही झाकले.

मागे फरशीवर नखांचा आवाज आला. ताई वळली नाही. वळायचं नाही, पळायचं नाही, एवढा एकच नियम आता उरला होता. आवाज जवळ आला. पोटरीला गरम श्वास लागला. म्हातारीने बादलीत नाक घातलं, खडू हुंगला, आणि जोरात शिंकली. ताईच्या पायजम्यावर रक्ताचे आणि खडूचे ठिपके उडाले. मग म्हातारी त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसली. पुढे गेली नाही.

थोड्या वेळाने शटर वर गेलं, अगदी आवाज न करता. आता ते खाली ठेवून उपयोग तरी काय होता? म्हातारी उठली, आत गेली आणि गवतात पडली. आणि बाहेर स्पीकरवरून धाकट्याचा आवाज आला, वरच्या झरोक्यातून सगळा ऐकू आला. "मंडळी! आत्ता जे बघितलंत ती अत्यंत शास्त्रीय पद्धत आहे! आपल्या देशात प्रथमच!" टाळ्याही पडल्या. ताईने कपाळावर हात मारून घेतला, खडूच्या हातानेच.

रिमोट तिने त्याच संध्याकाळी मागून घेतला. "दे, नाहीतर सही परत घेते," एवढंच म्हणाली, आणि धाकट्याने खिशातून काढून दिला. नाइलाजाने दिला, पण दिला. सही परत घेतली तर म्हातारीचीच विल्हेवाट लागली असती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आयुष्य दुसऱ्याला गंडवण्यात गेल्यामुळे आपल्यालाही कुणी गंडवेल असं त्याला वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ताईने वीतभर काच पुसली, खालच्या कोपऱ्यात. त्यातून बघायला लोक गुडघ्यांवर बसायचे आणि त्यांना एका अंधाऱ्या दाराचा तुकडा दिसायचा.

"आज पुसायची ना आणखी वीतभर?" धाकटा रोज सकाळी येऊन विचारायचा.

"अजून मानवलं नाही तिला," ताई म्हणायची.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, पावसाळा गेला, थंडी गेली. भावजयीने परत सोफ्यावर चादर टाकायला सुरुवात केली. म्हातारी सकाळी ऊन पडलं की बाहेर यायची, पांढऱ्या भिंतीच्या आधाराने पाठ शेकायची, आणि लोक यायच्या वेळेला आत जायची. समोरचा एक दात तुटला होता, म्हणून ताई तिला मांस बारीक करून द्यायची. पुढचे चौदा महिने ती अशी जगली. एका सकाळी ती गवतातून उठलीच नाही.

डॉक्टर येऊन गेले, पेटी गेली. ताई पिंजऱ्यात एकटी उरली. तिने पुसण्याकडून त्याचं फडकं मागून घेतलं, पाणी आणलं, आणि काच पुसायला लागली. दुपारपर्यंत पुसत होती. कोपरे, कडा, वरची पट्टी, स्टुलावर चढून, आतून आणि बाहेरून. पुसण्या मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने त्याच फडक्याला पुसलं. शेवटी काच दिसेनाशी झाली, धाकट्याच्या शोरूममध्येही कधी नव्हती इतकी.

धाकटा आला आणि पंधरा फुटी काचेकडे बघत उभा राहिला. पलीकडे फरशी होती, गवत होतं, उघडं दार होतं. दुसरं काही नव्हतं.

ताईने कमरेची किल्ली आणि रिमोट त्याच्या हातावर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "आता बघा काय बघायचं ते."